खुर्चीखालची सूचना

आवाज ऐकून अण्णा स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत आले, तेव्हा जमिनीवर पुढील वस्तू होत्या. घडीच्या लोखंडी खुर्चीचे पाय चार, त्यांपैकी दोन वाकलेले. पाठीचा दांडा एक. बसायची फळी एक, पालथी. बिजागऱ्या तीन, चौथी कपाटाखाली गेली होती, ती नंतर झाडूने काढली. कप एक, कान तुटलेला. बशी एक, आश्चर्य म्हणजे शाबूत. लाल रिबीन एक. आणि या सगळ्याच्या मधोमध, छताकडे शांतपणे पाहत पडलेले मामा, एक.

अण्णांनी आधी मोजलं आणि मग मामांना उठवलं. हा क्रम ताईंनी पुढे बरीच वर्षं ऐकवला. ताई म्हणजे अण्णांच्या पत्नी आणि मामांची मोठी बहीण. गल्लीत सगळेच त्यांना ताई म्हणत. "माझा भाऊ जमिनीवर, आणि हे बिजागऱ्या मोजतायत!" असं त्या म्हणायच्या. पण यात अण्णांचा तसा दोष नव्हता. आयुष्यभर त्यांनी वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून नोकरी केली होती. दुकानदाराच्या तराजूला हात लावण्याआधी समोर काय काय आहे ते मोजून घ्यायचं, ही सवय अंगात इतकी मुरली होती की स्वतःच्या लग्नातही त्यांनी आधी अक्षता किती जणांच्या हातात आहेत ते पाहिलं होतं म्हणतात.

मामांना लागलं नव्हतं. लागेल कसं? पडायला त्यांच्याकडे पुरेसा ऐवज होता. उंचीने बेताचे, पण घेराने उदार. ते हसले की फळीवरचे कप एकमेकांना भेटून किणकिणत. दर रविवारी संध्याकाळी ते येत, बाहेरच्या खोलीत बसत, आणि अण्णांच्या धाकट्या मुलीला, चिमीला, खोट्या गोष्टी खऱ्या म्हणून सांगत. तेव्हा घरं लहान होती आणि खुर्च्या भिंतीला घडी घालून टेकवलेल्या असत. पाहुणा आला की खुर्ची उघडायची, तो गेला की मिटायची. खुर्ची उघडताना होणारा तो 'टक्' आवाज म्हणजेच कुणीतरी आपलं माणूस आल्याची वर्दी असे. आणि ही खुर्ची तर नवीकोरी. कारखान्याच्या रंगाचा वास अजून गेला नव्हता. खास मामांसाठी म्हणून आणलेली.

"काही नाही झालं," मामा उठत म्हणाले. "खुर्ची बसली, एवढंच."

ते हसले. चिमी मात्र दाराच्या मागे उभी होती आणि हसत नव्हती.

गोष्ट इथेच संपायची. पण आवाज गल्लीभर गेला होता. वरच्या मजल्यावरचे बेलीफ खाली उतरले. बेलीफ आता निवृत्त झाले होते. आयुष्यभर त्यांनी कोर्टाचे समन्स घरोघर पोचवले होते आणि पोचवता पोचवता वाचले होते, त्यामुळे वकिलांपेक्षा आपल्याला कायदा जास्त कळतो अशी त्यांची समजूत होती. समोरच्या शिवणकामवाल्या बाईही आल्या. त्यांनी मामांकडे वरून खालपर्यंत एक नजर टाकली.

"एकशेदहा किलो तरी," त्या म्हणाल्या. "मी कमरेवरून सांगते. माझा अंदाज चुकत नाही."

"खुर्चीचा काय दोष हो त्यात?" आणखी कुणीतरी दारातून म्हणालं.

सगळे हसले. मामाही हसले. पण अण्णांनी पाहिलं, या वेळी कप किणकिणले नाहीत.

अण्णांना ते लागलं. पाहुणा आपल्या घरात, आपण दिलेल्या खुर्चीवरून पडतो आणि वर लोक त्यालाच जाड म्हणून मोकळे होतात! त्यांनी पालथी फळी उचलली. फळीच्या खालच्या बाजूला एक चिकटपट्टी होती. बारीक अक्षरांत लिहिलं होतं: 'कमाल भार १०० किलो.'

"हे पाहा!" अण्णा म्हणाले. "मामा शंभराच्या आत असणार. म्हणजे माल सदोष. कारखान्याने जबाबदारी घेतलीच पाहिजे. कायदा आलाय आता तसा."

"आलाय खरा," बेलीफ गंभीरपणे म्हणाले. "वस्तू नीट वापरली आणि तरी मोडली, तर बनवणारा जबाबदार. पण नीट वापरली पाहिजे हं! कुणी तिच्यावर उड्या मारल्या असतील, नाचलं असेल, तर खटला त्याच्यावरच उलटतो. साक्षीला उभं करतात. लहान-मोठा पाहत नाहीत."

"इथे कोण नाचतंय?" अण्णा म्हणाले.

मामांनी दाराकडे पाहिलं आणि म्हणाले, "जाऊ द्या ना, भावोजी. मोडली तर मोडली. मी आपला सतरंजीवर बसेन."

पण अण्णा 'जाऊ द्या' या वर्गातले नव्हते. त्यांनी सगळे तुकडे एका पोत्यात भरले, प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधली, आणि रिबिनीच्या चिठ्ठीवर लिहिलं: 'खुर्चीचा भाग नाही. संबंध नाही.' मग कारखान्याला पत्र धाडलं. मागणी एकच: खुर्चीत दोष होता असं एका वाक्यात लिहून द्या. ते वाक्य चौकटीत लावून शिवणकामवाल्या बाईंना दिसेल अशा ठिकाणी टांगायचं, असा त्यांच्या मनात बेत होता.

कारखान्याचं उत्तर सभ्य होतं. सभ्य उत्तराइतकं चिडवणारं दुसरं काही नसतं. आपली खुर्ची शंभर किलोपर्यंत तपासलेली आहे, तरी बसणाऱ्या व्यक्तीचं प्रमाणित वजन कळवावं, म्हणजे पुढील विचार करता येईल, असं त्यात म्हटलं होतं.

"एवढंच ना?" अण्णा म्हणाले. "वजनच करायचंय! आणि तेही माझ्या घरात!"

ज्या माणसाने सबंध शहराचे तराजू तपासले, त्याला स्वतःच्या मेव्हण्याचं वजन करता येऊ नये, ही या हकीकतीतली खरी शोकांतिका. मामा वजनाचा विषय निघाला की विषय बदलत. हवामानावर बोलत. ताईंच्या हातच्या चहाचं कौतुक करत. एकदा तर "माणसाचं वजन कशाला करायचं, माणूस काय कांदा आहे?" असा तात्त्विक प्रश्न विचारून सरळ चपला घालून निघाले.

"त्याला लाज वाटते हो," ताई म्हणाल्या. "नका त्याच्या मागे लागू."

"लाज वाटू नये म्हणूनच तर करतोय," अण्णा म्हणाले.

मग अण्णांनी युक्ती लढवली. ते मामांना औषधं आणायच्या निमित्ताने कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे घेऊन गेले. त्याच्या दुकानात उभं राहून वजन करायचं यंत्र होतं. "जरा माझ्या चिठ्ठीतलं औषधाचं नाव वाचा हो, मला चष्म्याशिवाय दिसत नाही," असं म्हणत त्यांनी मामांना बोलता बोलता यंत्राच्या दिशेने सरकवलं. मामांचा एक पाय वर गेला. दुसरा उचलला गेला. काटा थरथरू लागला. आयुष्यात एकदाच येणारा क्षण होता तो. आणि नेमक्या त्याच क्षणी अण्णांची नजर यंत्राच्या बाजूला ठोकलेल्या, दरसालच्या तपासणीच्या शिशाच्या मोहोरेवर गेली.

"थांबा!" अण्णा ओरडले. "उतरा खाली! ही मोहोर मागच्या सालची आहे!"

मामा कधी नव्हे इतक्या चपळाईने उतरले.

"अहो अण्णा, मोहोर मागची असली तरी वजन तेच भरतं," औषधवाला म्हणाला.

"तेच भरतं हे तुम्हाला कसं माहीत? तपासलंय का? बिनतपासणीच्या यंत्रावरचं वजन म्हणजे अफवा!"

"मग तुमचा रक्तदाबही अफवाच समजा," असं म्हणून औषधवाल्याने गोळ्या परत फळीवर ठेवल्या. पुढे कित्येक महिने अण्णांना गोळ्यांसाठी दोन गल्ल्या ओलांडून जावं लागे.

दुसरा प्रयत्न याहून मोठा होता, म्हणून त्याचा बोजवाराही मोठा उडाला. धान्याच्या गोदामात अण्णांची जुनी ओळख होती. तिथला जमिनीलगतचा सपाट काटा, चालू सालची मोहोर असलेला, त्यांनी हातगाडीवरून घरी आणला. दाराच्या आत मांडला. वरून पायपुसणं अंथरलं. आकडे दिसायची खिडकी बाजूच्या कुंडीमागे लपवली आणि स्वतः कुंडीमागे वाकून बसले. ही वैज्ञानिक मांडणी तशी निर्दोष होती. दोष एवढाच, की दारातून मामा एकटेच येत नाहीत. त्या संध्याकाळी अण्णांनी अनुक्रमे दूधवाल्याचं, शिवणकामवाल्या बाईंचं आणि बेलीफांचं अचूक वजन केलं. बाईंचं वजन पाहून त्यांना वाटलं, हा आकडा आपल्याला कळला आहे हे त्यांना कधीच कळता कामा नये. इतक्यात बाईंनीच कुंडीमागे वाकून पाहिलं. त्यानंतर ताईंचे दोन ब्लाउज त्यांच्याकडे उगाच अडकून पडले.

शेवटी मामा आले. दारात थांबले. पायपुसण्याकडे पाहिलं, कुंडीकडे पाहिलं, कुंडीच्या वर दिसणाऱ्या अण्णांच्या टकलाकडे पाहिलं. मग मामांनी धोतर सावरावं तशी पँट वर ओढली आणि पायपुसण्यावरून उडी मारली. त्या घेराच्या माणसाने हवेत इतका काळ राहणं अण्णांना पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने पटलं नाही. पलीकडे उतरल्यावर मात्र फळीवरचे सगळे कप एकदम बोलले.

"भावोजी," मामा म्हणाले. आवाज नेहमीचा नव्हता. "मी तुमच्याकडे माणूस म्हणून येतो. पोतं म्हणून नाही."

ते चहा न घेता गेले. पुढच्या रविवारी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही.

ताई भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर अण्णांनी प्रत्युत्तर दिलं असतं. त्यांच्याकडे मुद्दे तयार होते. पण रविवारी संध्याकाळी त्या नेहमीसारखा मामांचा कप काढत, थोडा वेळ ओट्यावर ठेवत आणि परत फळीवर मांडत. एकदाच म्हणाल्या, "माझ्या माहेरचं एवढंच माणूस उरलं होतं. तेही तुम्ही तोलून घालवलंत." चिमीनेही खोट्या गोष्टी मागायचं सोडून दिलं.

आता अण्णांपुढे एकच मार्ग उरला. कारखान्याचं ते वाक्य मिळवायचं, ते घेऊन मामांच्या दारात जायचं. म्हणून त्यांनी ग्राहक मंचात तक्रार केली.

मंच तेव्हा नवीनच सुरू झाला होता. खिडकीमागच्या कारकुनाने अर्ज वाचला आणि पेन खाली ठेवलं.

"खुर्ची कोणाची?"

"माझी."

"पडलं कोण?"

"माझे मेव्हणे."

"मग तक्रार खुर्चीची आहे का पडण्याची? खुर्चीची असेल तर तुम्ही ग्राहक. पडण्याची असेल तर ते ग्राहक, पण खुर्ची त्यांनी घेतलेली नाही."

"पाहुणा हाही वापरणाराच," मागून बेलीफ म्हणाले. ते सोबत आले होते; न बोलावता येणं हा त्यांचा जुना व्यवसाय होता. "घरात आणलेली वस्तू घरातलं कुणीही वापरतं. लिहा: पाहुणा, म्हणून वापरकर्ता."

कारकुनाने लिहिलं. "इजा?"

"इजा नाही. अपमान."

"अपमानाचा रकाना नाही. भरपाई काय हवी?"

"एक वाक्य."

"वाक्याचाही रकाना नाही. वस्तू सांगा काहीतरी."

अण्णांनी विचार केला. "मग एक खुर्ची लिहा. आणि तिच्यासोबत वाक्य."

मग कारकुनाने पोतं उघडून मोजदाद केली. पाय चार, बिजागऱ्या चार. "आणि ही रिबीन?"

"संबंध नाही," अण्णा म्हणाले. "चिठ्ठीवर लिहिलंय."

सुनावणीला मामांना बोलावणं गेलं. ते आले, शेवटच्या रांगेत बसले, आणि अण्णांकडे पाहून नुसती मान हलवली. अण्णांना वाटलं, निकाल लागेपर्यंत एवढंही पुष्कळ.

कारखान्याकडून एक तरुण माणूस आला होता. हातात जाड फाईल, डोळ्यांखाली काळं. त्याला पाहून अण्णांनी मनात घोकलेले अर्धे टोमणे आपोआप गळून पडले.

"बाई, आमचं ऐका," तो मंचाच्या अध्यक्षबाईंना म्हणाला. "हा कायदा आल्यापासून आम्ही कारखान्यात दिवसभर एकच विचार करतो, माणूस खुर्चीचं आणखी काय काय करू शकेल. लोक खुर्चीवर उभं राहून जाळी काढतात. दोन खुर्च्यांवर फळी टाकून झोपतात. एकाने तर शिडी म्हणून एकावर एक तीन चढवल्या. शंभर किलो शांतपणे बसले तर ही खुर्ची मोडत नाही, मी स्वतः वाळूची पोती ठेवून पाहिलंय. धपकन बसलं तर हिशेब वेगळा होतो. साहेबांचं वजन कळलं तर निदान आम्हाला कळेल, चूक आमची का त्यांची."

सगळे मामांकडे वळले. मामांच्या कपाळावर घाम आला. अण्णांना एकदम वाटलं, उठावं, पोतं उचलावं आणि घरी जावं.

पण अध्यक्षबाई चष्मा पुसत होत्या. "ही शंभर किलोची सूचना कुठे लिहिली आहे?"

"बैठकीवर, बाई."

"बैठकीच्या वर?"

"खाली," तरुण जरा घुटमळून म्हणाला. "वरचा रंग खराब दिसतो म्हणून."

"म्हणजे ती वाचायला खुर्ची उलटी करायची. तुमच्या घरी खुर्ची उलटी करून वाचतात आणि मग सुलटी करून बसतात का?"

"नाही, बाई."

"मग माणसाला ती दिसणार कधी?"

शेवटच्या रांगेतून मामांचा आवाज आला. "मला दिसली होती, बाई. पडल्यावर. अगदी स्पष्ट."

बाई हसल्या नाहीत, पण चष्मा पुन्हा पुसला. मग त्या अचानक उठल्या आणि शिपायाला म्हणाल्या, "माझी खुर्ची उलटी करा." शिपायाने दोनदा विचारून खात्री केली आणि केली. खाली चिकटपट्टी होती. त्याच कारखान्याची. बाई ती वाकून वाचू लागल्या, आणि तिथे काय लिहिलं होतं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. तोवर सगळ्या दालनात टकटक आवाज होऊ लागले. कारकून, बेलीफ, दुसऱ्या तक्रारींची माणसं, जो तो आपापली खुर्ची उलटी करून वाचत होता. निकाल बाईंनी उभ्यानेच दिला, कारण बसायला कुणी तयार नव्हतं.

निकाल असा: बसणाऱ्याच्या वजनाची मंचाला गरज नाही. मर्यादा असेल तर ती बसण्याआधी दिसली पाहिजे. ती दिसली नाही, ही बनवणाऱ्याची चूक. कारखान्याने नवी खुर्ची द्यावी आणि चूक लेखी मान्य करावी.

"बरं झालं," तरुण फाईल बंद करत अण्णांना हळूच म्हणाला. "चिकटपट्टी पुढे लावा म्हणून मी तीन वेळा सांगितलं होतं. आता ऐकतील."

नवी खुर्ची आली ती एका रविवारी. अण्णांनी ते वाक्य चौकटीत घातलं नाही. ते खिशात घालून मामांच्या दारात गेले आणि म्हणाले, "चला. तुमचा कप खाली काढून ठेवलाय."

"फक्त कपच ना?" मामांनी विचारलं. "पायपुसणं?"

"पायपुसणं धुवायला टाकलंय."

मामा आले. खुर्चीच्या पाठीवर आता पाच पट्ट्या होत्या. उभे राहू नये. उड्या मारू नयेत. एकावर एक ठेवू नयेत. ओल्यात ठेवू नये. कमाल भार १२० किलो. मामांनी एकेक मोठ्याने वाचली, जसं काही स्तोत्र. ती खुर्ची आजही त्या घरात आहे. पट्ट्यांची अक्षरं उडाली, रंग गेला, त्या खोलीत आता सोफा आला, पण कुणी ती उघडली की 'टक्' वाजतं आणि माणसं नकळत दाराकडे पाहतात.

तर त्या दिवशी. गोदामाचा काटा परत करायचा अजून राहिलाच होता. तो माळ्याखाली उभा होता. मामा त्याच्याकडे बघत म्हणाले, "आणा तो इकडे. खुर्ची त्यावर ठेवा. मला वजन करायचंय."

"नको, नको," ताई म्हणाल्या. "पुन्हा नको."

"अगं, आता मंचाला नकोय म्हणून तर."

अण्णांनी काटा मांडला. मोहोर तपासली. वर खुर्ची ठेवली आणि तिचं वजन वजा जावं म्हणून काटा शून्यावर आणला. मामा बसले. अण्णांनी चष्मा लावून वाचलं, पुन्हा वाचलं.

"त्र्याण्णव किलो दोनशे ग्रॅम," ते म्हणाले आणि खाली बसले. "मामा! अहो, तुम्ही शंभराच्या आत होता! सात किलोनं आत! पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, तर कारखान्याचं तोंड तिथल्या तिथे बंद झालं असतं!"

"मला माहीत होतं," मामा म्हणाले. "पण मग त्यांनी पुढचं विचारलं असतं ना. आत होता, तर मोडली कशी? आणखी काय होतं खुर्चीवर?" त्यांनी बेलीफांच्या मजल्याकडे बोट केलं. "यांनी त्या दिवशी साक्षीचं काढलं, तेव्हा कुणाला तरी वाटलं होतं, आता आपल्याला धरून नेणार. ती पोत्यातली रिबीन कुठेय हो, भावोजी?"

अण्णांनी कपाटातून रिबीन काढली. तिच्यावरची चिठ्ठी अजून तशीच होती. त्यांनी दोरा सोडवला, चिठ्ठी घडी करून खिशात घातली.

"ये गं," मामांनी हाक मारली. "पण आता उडी नको. हळू."

चिमी दारामागून आली. अण्णांनी तिच्या वेणीला रिबीन बांधली, जमेल तशी. ती खुर्चीपाशी गेली, पाचही पट्ट्या मनातल्या मनात वाचल्या आणि हळूच मामांच्या मांडीवर बसली. मामा हसले. फळीवरचे कप किणकिणले. अण्णा काटा थांबेपर्यंत थांबले आणि मग वाकून वाचलं.

एकशे बारा किलो चारशे ग्रॅम.